घंटागाडी येण्याआधी

सकाळी गल्लीच्या तोंडाशी घंटागाडीचं गाणं वाजायला लागलं की घराघरांत धांदल उडते. गॅसवर कुकर असतो, पोरांचे डबे भरायचे राहिलेले असतात, आणि त्यातच कुणीतरी ओट्याखालची पिशवी ओढून काढतं, गाठ मारतं आणि दाराबाहेर पळतं. त्या पिशवीत काय काय असतं? कालच्या चहाचा चोथा, मेथीच्या काड्या, ताटातलं उरलेलं वरण, दुधाची रिकामी पिशवी, शाम्पूच्या पुड्या, वहीचे फाडलेले कागद, बाळाचं डायपर, कधी दाढीचं पातं. पिशवी गाडीत पडते, गाडी पुढच्या गल्लीत वळते आणि आपण हात धुऊन कामाला लागतो.

गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावात कचऱ्याची तक्रार कुणाच्याही तोंडून ऐकायला मिळते. गाडी आली नाही, आली तर वेळेवर आली नाही, मोकळ्या प्लॉटवर ढीग साचला, रात्री कुणीतरी तो पेटवून दिला. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या कुठे, कशा मांडायच्या तेही पुढे सांगतो. पण आधी त्या गाठ मारलेल्या पिशवीबद्दल बोलू. ओलं आणि सुकं एकदा एकत्र कालवलं की पुढे कितीही चांगली गाडी येवो, कितीही महागडं यंत्र बसो, त्याचं धड काही होत नाही. वरणात भिजलेला कागद रद्दीवाला घेत नाही. प्लास्टिकचे तुकडे असलेलं खत शेतकरी बांधावरसुद्धा टाकू देत नाही. मग अख्खी गाडी जिथे रिकामी होते तिथे डोंगर वाढत राहतो.

नारेगावचा धडा

असा डोंगर आपल्या जिल्ह्याने पाहिलेला आहे. छत्रपती संभाजीनगर (तेव्हाच्या औरंगाबाद) शहराचा कचरा तीन दशकांहून जास्त काळ नारेगावला पडत होता. तिथल्या लोकांनी माश्या सोसल्या, धूर सोसला, विहिरींचं नासलेलं पाणी सोसलं, आणि १६ फेब्रुवारी २०१८ ला कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहरात रोज चारशे टनांच्या घरात निघणारा कचरा एका दिवसात बेघर झाला. चौकाचौकांत, दवाखान्यांसमोर, शाळांच्या भिंतींना लागून ढीग उभे राहिले. कचरा दुसरीकडे न्यायला गाड्या निघाल्या तर तिथल्या गावांनीही वाट अडवली. ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक, लाठीमार, जाळपोळ झाली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं, पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आलं, पालिकेचे आयुक्तही बदलले. पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी इथे प्रक्रिया केंद्रं उभारायची ठरली. त्याला पैसा लागला, वर्षं लागली.

मला या सगळ्यात एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. ऐन संकटात शहराने काय केलं? वॉर्डावॉर्डांत खड्डे खणून ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट करायला घेतलं, आणि घरोघर सांगितलं की ओला आणि सुका वेगळा द्या. जे अगोदर तीस वर्षं सवडीने करता आलं असतं ते नाकावर रुमाल बांधून करावं लागलं. गंगापूर लहान आहे, इथे हे काम अजून सवडीने करता येण्यासारखं आहे. आणि आपल्या कचऱ्याचा भार शेवटी कुठल्या तरी खेड्यावर, कुठल्या तरी ओढ्यावर पडतो. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे, कायगावपाशी प्रवरा तिला मिळते आणि पुढे नाथसागर जलाशयाचा फुगवटा पसरतो. तेच पाणी शहर पितं. पावसाळ्यात उताराने काय काय वाहून जातं ते कुणाही शेतकऱ्याला विचारा.

लहान गावाला हे जमतं याचा दाखला कोकणात आहे. वेंगुर्ला ही सिंधुदुर्गातली छोटीशी नगरपरिषद. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना घरातूनच कचरा वेगळा करून घ्यायला सुरुवात झाली. सुका कचरा वीसहून जास्त प्रकारांत निवडला जाऊ लागला, ओल्यापासून गॅस आणि खत होऊ लागलं, आणि जिथे पूर्वी कचऱ्याचे ढीग जळत असत ती जागा लोक सहलीला येऊन बघू लागले. वेंगुर्ल्याला समुद्र आहे, आंबा आहे, आपल्याकडे कापूस आणि मका आहे. बटाट्याची सालं दोन्हीकडे सारखीच कुजतात.

ओट्याखालची व्यवस्था

घनकचरा व्यवस्थापनाचे नियम ८ एप्रिल २०१६ ला आले. त्यांनी घरच्या कचऱ्याचे तीन भाग करायला सांगितले: ओला, सुका आणि घरातला घातक कचरा. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत चार भाग आहेत. ओला, सुका, सॅनिटरी पॅड-डायपरसारखा, आणि ट्यूबलाइट, औषधं, रंगाचे डबे असा विशेष काळजीचा. चार म्हटलं की बायकांच्या कपाळावर आठी येते. एवढ्याशा स्वयंपाकघरात चार बादल्या ठेवायच्या कुठे? खरं तर रोजची बादली एकच लागते, ओल्याची. बाकीच्यांना रोज हात लागत नाही.

ओल्यासाठी झाकणाची पाच-सात लिटरची बादली पुरते. तिच्यात प्लास्टिकची पिशवी घालू नका. तळाला वर्तमानपत्राचा दुमडलेला कागद टाका, तो पाणी शोषतो आणि बादली स्वच्छ निघते. भाजीची डेखं, फळांची सालं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, उष्टं, सुकलेली फुलं हे सगळं यात. एक सवय मात्र लावून घ्या. खरकटं बादलीत जाण्याआधी पाच मिनिटं चाळणीत निथळू द्या. सिंकच्या कोपऱ्यात जुनी, भोकं मोठी झालेली चाळणी ठेवली की झालं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत बादलीला जो वास येतो तो बहुतेक पाण्याचा असतो. निथळलेलं खरकटं रात्रभर निमूट राहतं.

सुक्यासाठी मागच्या दारी, जिन्याखाली किंवा गच्चीच्या दारापाशी खिळ्याला एक पोतं अडकवा. कागद, पुठ्ठा, बाटल्या, डबे, दुधाच्या पिशव्या, तेलाच्या पिशव्या, चिंध्या, फुटकी चप्पल. हे पोतं आठवड्यातून एकदाच द्यायचं. त्यात ओलं काही नसेल तर वास नाही, माश्या नाहीत, उंदीरही फिरकत नाही. दुधाची पिशवी मात्र धुऊन. पाणी जपून वापरणारा आपला मुलूख आहे, म्हणून नळाखाली धरू नका. भांडी विसळलेल्या पाण्यात एक बुडी दिली की पुरे. आणि पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. थोडा चिकटलेला ठेवा. तो सुटा झालेला नखाएवढा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, मोरीतून गटारात आणि तिथून ओढ्यात जातो. रोज दोन पिशव्या म्हटलं तरी एका घरातून वर्षाला सातशेच्या वर तुकडे होतात.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल रंगाचा ठळक ठिपका काढा. ही पद्धत पुण्याच्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक महिलांनी रुजवली. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ सहकारी संस्था झाली. त्या बायकांना ज्याचा सर्वांत जास्त त्रास होत होता त्यावरचा उपाय त्यांनीच सुचवला: ठिपका दिसला की पुडी न उघडता बाजूला ठेवता येते. रंगाच्या पेनाला पाच रुपये पडतात. घरात मुली असतील तर त्यांना हे संकोच न करता सांगा, आणि मुलांनाही सांगा.

शेवटचा भाग म्हणजे फुटलेला बल्ब, संपलेले सेल, मुदत टळलेल्या गोळ्या, इन्सुलिनची सुई, रंगाचा डबा, डासांच्या औषधाची बाटली. यासाठी वरच्या फळीवर एखादा जुना पत्र्याचा डबा ठेवा, मुलांचा हात पोचणार नाही असा. सुया आणि पाती जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावा. फुटलेली काच वर्तमानपत्राच्या तीन-चार थरांत गुंडाळून वर ‘काच’ असं मोठ्या अक्षरात लिहा.

हे लिहायला मी एका प्रसंगापासून लागलो. घंटागाडीवरच्या एका ताईंना मी एकदा पाणी दिलं. त्यांनी ग्लास डाव्या हाताने घेतला. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बुडापासून मनगटापर्यंत टाक्यांची रेघ होती. पिशवीची गाठ सोडवताना आतल्या फुटक्या बरणीने कापलं होतं. “कोणत्या घरातली पिशवी होती, ठाऊक आहे मला,” त्या म्हणाल्या. “पण नाव कशाला घ्यायचं? त्यांना तरी काय माहीत, आत हात कोण घालतंय.” मी घरी आलो आणि आमच्या ओट्याखालची पिशवी जमिनीवर ओतून बघितली. माझ्या पिशवीतही पातं होतं. कागदात न गुंडाळलेलं.

बादलीतलं खत

एका आठवड्याचा कचरा वेगळा करून तराजूवर ठेवून बघा. अर्ध्याहून जास्त वजन ओल्याचं निघेल. हा भाग घरातच जिरला तर गाडीवरचा भार तिथेच निम्मा होतो, आणि गाडी एखाद्या दिवशी चुकली तरी घरात वास सुटत नाही. ज्यांच्याकडे गच्ची, अंगण किंवा चार कुंड्यांएवढी गॅलरी आहे त्यांनी हे करावंच असं माझं मत आहे.

रंगाची २० लिटरची रिकामी बादली भंगारवाल्याकडे किंवा रंगाऱ्याकडे सहज मिळते. अशा दोन घ्या. सळई तापवून बादलीच्या अंगाला वरपासून खालपर्यंत पंधरा-वीस भोकं पाडा आणि बुडाला चार-पाच. खाली विटांचे दोन तुकडे ठेवा म्हणजे हवा खेळते, आणि त्यांच्या मध्ये ताटली, गळणारं पाणी झेलायला. तळाला चार बोटं जाडीचा सुक्या पाल्याचा थर द्या. मग रोजचं ओलं बारीक चिरून टाकायचं आणि त्यावर तेवढंच सुकं: पाला, लाकडाचा भुसा, उसाचं पाचट, कुट्टी केलेल्या पऱ्हाट्या, मक्याच्या कणसांवरची सुकी सालं. आपल्या तालुक्यात या मालाला तोटा नाही. हंगामात शेतावरून एक पोतं भरून आणलं तर तीन-चार महिने पुरतं. पहिल्या थरावर एक ओंजळ जुनं शेणखत किंवा वाटीभर आंबट ताक घाला. जिवाणूंना तेवढं विरजण पुरतं. आठवड्यातून दोनदा काठीने खालीवर करा.

माझी पहिली बादली नासली. पंधराव्या दिवशी झाकण उघडलं तर आंबूस वास, खाली काळा चिखल, आणि बायकोने दिलेला शेवटचा इशारा. कारण साधं होतं: मी रोज उत्साहाने ओलं टाकत होतो आणि सुकं टाकायला विसरत होतो. ओलं जास्त झालं की हवा कोंडते आणि खत होण्याऐवजी सगळं सडतं. त्यावर उपाय म्हणून सगळं एका गोणपाटावर पसरून तासभर वारं लागू दिलं, दोन ओंजळी भुसा मिसळला आणि पुन्हा भरलं. तीन दिवसांत वास गेला. तेव्हापासून मी हाताची परीक्षा करतो. बादलीतला मूठभर माल पिळायचा. बोटांतून पाणी ठिबकलं तर सुकं घाला. मूठ उघडल्यावर भुरभुर सांडला तर पाणी शिंपडा. लाडवासारखा वळला आणि हात नुसता ओलसर झाला तर सगळं ठीक चाललंय.

उन्हाळ्यात आपल्याकडे उलटा त्रास होतो. बादली इतकी वाळते की मुंग्या वारूळ करतात. सावलीत ठेवा, वर ओलं गोणपाट घाला, भाज्या धुतलेलं पाणी शिंपडा. पावसाळ्यात पांढुरक्या, जाड अळ्या दिसतील. घाबरू नका, औषध तर मारूच नका. त्या कचरा खाऊन लवकर संपवतात आणि माणसाला काही करत नाहीत. फारच झाल्या तर सुकं वाढवा.

लिंबाची सालं, तेलकट रस्से, मटणाची हाडं, माशांचे काटे घरच्या बादलीत टाकू नयेत. मांसाहारी उष्टं गाडीच्या ओल्या कप्प्यात द्यावं, नाहीतर मांजरं बादली पाडतात. आंब्याच्या कोयी आणि कणसाच्या दांड्या वर्षभर तशाच राहतात, त्या फोडून टाका किंवा वेगळ्या वाळवा. पहिली बादली भरली की तिला हात न लावता चाळीस-पंचेचाळीस दिवस ठेवायचं आणि दुसरी सुरू करायची. खत झालं की ते काळसर, भुसभुशीत दिसतं आणि पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास येतो. कढीपत्त्याला, तुळशीला, गवती चहाला मूठ-मूठ द्या. उरलं तर शेत असलेला एखादा पाव्हणा हसत घेऊन जाईल.

भंगारवाला, रद्दीवाला

आपल्या गावातला खरा पुनर्वापर ज्यांच्या हातून होतो ती माणसं हातगाडीवर किंवा सायकलवर येतात. पुठ्ठा, वर्तमानपत्र, लोखंड, ॲल्युमिनियम, पाण्याच्या बाटल्या, जाड प्लास्टिक याला भाव आहे. धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांनाही आहे, फक्त त्या किलोभर साठल्या पाहिजेत. चिप्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या मात्र कुणी घेत नाही, कारण त्यात प्लास्टिकवर धातूचा पातळ थर चिकटवलेला असतो आणि तो सुटा करणं परवडत नाही. अशा मालाचा उपयोग फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून होतो. हे कळलं की दुकानात हात आपोआप मोठ्या बाटलीकडे जातो, दहा पुड्यांकडे जात नाही.

भंगारवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. एका गल्लीतल्या दहा-बारा घरांनी मिळून महिन्याचा एक दिवस ठरवला, सगळ्यांची पोती एका ओसरीवर आणली आणि त्याला बोलावलं, तर त्याची फेरी वाचते आणि घरी पडून राहणारा मालही उचलला जातो. मुलांना हे काम फार आवडतं. वजनकाटा, पोती आणि शेवटी हातात येणारे पैसे, त्यातून गल्लीच्या गणपतीची वर्गणी निघते.

पातळ कॅरीबॅग मात्र घरात येऊच द्यायची नाही. राज्यात २३ मार्च २०१८ पासून प्लास्टिकबंदीची अधिसूचना आहे. देशभरात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या कित्येक प्लास्टिक वस्तू बंद आहेत, आणि १२० मायक्रॉनहून पातळ कॅरीबॅगही ३१ डिसेंबर २०२२ पासून चालत नाही. तरी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीबरोबर ती मिळतेच. पिशवी विसरण्यावर एकच उपाय मला सापडला: गाडीच्या डिकीत एक आणि सायकलच्या कॅरिअरला एक कापडी पिशवी कायमची बांधून ठेवायची. घरी आणलेली पिशवी भाजी काढल्याबरोबर पुन्हा तिथेच. रस्त्यावर गाय-म्हैस त्या कॅरीबॅगमधलं शिळं अन्न हुंगते, गाठ सोडवता येत नाही म्हणून पिशवीसकट गिळते. गोठ्यात जनावर फुगून पडलं की घरातला माणूस आजारी पडावा तशी अवकळा येते, हे गावाकडे कुणाला सांगायला नको.

गाडी येत नाही तेव्हा

घरोघर फिरून कचरा गोळा करणं हे नियमांनी स्थानिक संस्थेवर टाकलेलं काम आहे, आणि ते वस्त्या, झोपडपट्ट्या, नवीन प्लॉटिंग सगळ्यांसाठी आहे. ते मागणं हा हक्क आहे. पण मागताना नोंद हातात हवी. “गाडी कधीच येत नाही” या वाक्याला उत्तर नसतं. “५ ते १८ तारखेदरम्यान चौदा दिवसांत सहा दिवस आली, त्यातले चार दिवस सकाळी अकरानंतर” या वाक्याला उत्तर द्यावं लागतं. म्हणून गल्लीतल्या एखाद्या किराणा दुकानात किंवा ज्यांच्या ओट्यावर म्हातारी माणसं बसतात अशा घरी एक कॅलेंडर टांगा. गाडी आली की वेळ लिहायची, नाही आली की फुली. पंधरा दिवस पुरेत.

मग आधी गाडीवरच्या माणसाशी आणि मुकादमाशी बोला. पुष्कळदा अडचण किरकोळ असते. बोळ अरुंद आहे, मध्ये कुणाची तरी मोटारसायकल उभी असते, वळायला जागा नाही, किंवा गाणं मागच्या घरांपर्यंत ऐकूच जात नाही. अशा वेळी बोळाच्या तोंडाशी ठरलेल्या वेळी सगळ्यांनी बादल्या आणणं हाच मार्ग. ज्या घरी दोघंही नोकरीवर जातात, वाळूजच्या कंपनीत सकाळच्या पाळीला जातात, त्यांची बादली शेजाऱ्याने द्यायची आणि त्याची पुढच्या आठवड्यात यांनी. दारात बादली ठेवून गेलं तर कुत्री पाडतात, आणि मग त्याच कचऱ्यावरून शेजारपाजारी भांडणं लागतात.

बोलून भागलं नाही तर लेखी अर्ज द्या. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, प्रत स्वच्छता निरीक्षकांना. एका पानात: गल्लीचं नाव, घरांची संख्या, त्या पंधरा दिवसांची नोंद, दोन फोटो, आणि नेमकं काय हवंय ते. “सकाळी सात ते आठदरम्यान रोज फेरी, आणि ओल्या-सुक्याचे कप्पे वेगळे” इतकं नेमकं. दहा-पंधरा घरांच्या सह्या घ्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. पुढचं सगळं त्या एका शिक्क्यावर चालतं. फोनवर तक्रार करायची तर स्वच्छता ॲप आणि ‘आपले सरकार’ आहेच, तिथला तक्रार क्रमांक त्याच कागदावर लिहून ठेवा.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. साध्या कागदावर अर्ज, त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून गाऱ्हाणं न लिहिता कागद मागा: आपल्या प्रभागातल्या घंटागाडीचं मार्गपत्रक, मागच्या तीन महिन्यांतल्या फेऱ्यांच्या नोंदी, कचरा उचलण्याच्या करारनाम्याची प्रत. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. नाही मिळालं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. कचऱ्याची मूळ तक्रार मात्र जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका प्रशासन शाखेकडेही नेता येते.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आम्ही घरात वेगळं करतो आणि गाडीवाला सगळं एकत्र ओततो, मग कशाला करायचं? याचा राग येणं स्वाभाविक आहे. पण वेगळं करणं थांबवू नका. ओलं घरच्या बादलीत, सुकं भंगारवाल्याकडे आणि काच-सुया गुंडाळून, एवढं केलं की गाडीत एकत्र व्हायला फारसं उरत नाही. आणि गाडीत कप्पा मागण्याचा अर्ज ज्या गल्लीच्या बादल्या आधीच वेगळ्या आहेत त्या गल्लीने केला तर त्याला “आधी तुम्ही तरी वेगळा द्या” असं कुणी म्हणू शकत नाही.

लग्न, सण आणि मोकळा प्लॉट

परवाना नसलेल्या जागी शंभरहून जास्त माणसांचा कार्यक्रम असेल तर किमान तीन कामाचे दिवस आधी पालिकेला कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायचा, हे २०१६ च्या नियमांतच आलं. मंगल कार्यालय ठरवतानाच विचारा की पंगतीनंतर ताटं कुठे जातात. वरण-बट्टीच्या जेवणानंतर एका रात्रीत जेवढं खरकटं निघतं तेवढं एका घरातून वर्षात निघत नाही. पळसाच्या पत्रावळी किंवा धुवायची स्टीलची ताटं, पाण्याचे जार आणि पेले, आणि खरकट्यासाठी तीन-चार मोठे ड्रम. त्या ड्रमांपाशी एक माणूस उभा करा. हा माणूस नसला की पत्रावळीबरोबर प्लास्टिकचे चमचे त्यातच जातात आणि जनावरांसाठी खरकटं नेणारा गोठेवाला ते घ्यायला तयार होत नाही. गणपतीचं निर्माल्य दोरा, प्लास्टिकची झालर, थर्माकोल काढून कंपोस्टला द्या. बकरी ईदला कुर्बानीचे अवशेष त्या दिवसासाठी ठरलेल्या गाडीतच गेले पाहिजेत, उघड्यावर किंवा गटारात नको. दिवाळीच्या साफसफाईत निघालेल्या ट्यूबलाइट आणि रंगाचे डबे एकदम रस्त्यावर न काढता पत्र्याच्या डब्याशेजारी ठेवा आणि गल्लीने मिळून एकदाच द्या.

कचरा पेटवू नका आणि कुणी पेटवत असेल तर गप्प बसू नका. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंडाचा आदेश दिला आहे. दंडाचं सोडा, थंडीत धूर खाली बसतो, आणि जळक्या प्लास्टिकचा तो तिखट वास पहाटेपर्यंत ज्या खोलीत कोंडतो तिथे कुणाची तरी दम्याची आई झोपलेली असते. ढीग पेटलेला दिसला तर लांबून पाणी किंवा माती टाका. काठीने उकरू नका, आत अत्तराच्या, फवाऱ्याच्या बाटल्या असल्या तर फुटतात.

आता मोकळा प्लॉट. प्लॉटचा मालक बहुधा दुसऱ्या गावी असतो आणि भिंत नसते. गल्लीने एक रविवार काढून तो साफ करायचा, पालिकेकडे आधीच लेखी मागणी करून ट्रॅक्टर मिळवायचा, आणि त्याच दिवशी तिथे काहीतरी उभं करायचं: दोन दगडी बाक, मुलांच्या क्रिकेटची खुंटी, लिंबाची तीन रोपं आणि त्यांना काट्यांची कुंपणं. जिथे रोज माणसं बसतात तिथे कुणी पिशवी टाकत नाही. दिवा नसेल तर खांबावर दिवा मागा, कारण पिशव्या अंधारात पडतात. मालकाला स्पीड पोस्टाने पत्र पाठवून तारेच्या कुंपणाची विनंती करा. आणि साफ केल्यापासून पहिले पंधरा दिवस कुणीतरी सकाळी फेरी मारून बघा. एक पिशवी पडली की दुपारपर्यंत चार होतात, आठवड्यात पुन्हा उकिरडा. पहिली पिशवी ज्या सकाळी दिसेल, ती त्याच सकाळी उचलून गाडीत द्यायची.